उजव्या खिशाखालचं भोक

प्रिय बटण,

तुझं पत्र सोमवारी आलं आणि मी ते दारातच, एका हातात सुई तशीच धरून वाचलं. "आई, ये" एवढं वाचलं आणि पुढचं दिसेचना. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, तरी तेच लिहिलेलं होतं. मग आत येऊन खुर्चीत बसले. हायसं वाटणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. दोन वर्षं आपण दोघी फोनवर हवेबद्दल बोलतोय. तुझ्याकडे वारा आहे, माझ्याकडे ऊन आहे, बरं मग, ठेवते. एवढी हवा तर हवामान खात्यातली माणसंसुद्धा बोलत नसतील. आणि आता दोन पानी पत्र, समुद्राकडे खिडकी असलेली खोली, आणि वर पाहुणीने काय घालून यावं याची यादी! मी येतेय. तिकीट काढलंय, दोन गाड्या आणि एक बोट. आता ऐक, कारण यादीने माझी जी फे फे उडवली ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

यादी मी शिवणयंत्राच्या वर भिंतीला टाचणीने लावली आहे. नवीन काही विकत घेऊ नकोस, घरात आहे त्यातलंच सुती आणि लोकरीचं निवड. कृत्रिम धाग्याचं, मऊ लव असलेलं काही नको, कारण धुताना त्याचा भुगा होतो आणि तो फिरून फिरून तुझ्याच भिंगाखाली येतो. तीनच जोड, हाताने धुऊन एका रात्रीत वाळतील असे. फाटलं असेल तर निघण्याआधी शिव. (शिव म्हणे! कोणाला सांगतेस गं?) बोटीवर फार गार असतं, गरम काहीतरी घरात असेलच. आणि सगळ्यात शेवटी, गरज नाही ते घरीच ठेव, ओझं घेऊन येऊ नकोस. ते गरम कपड्याचं वाक्य वाचून मी थबकले होते, पण त्याबद्दल नंतर.

खरं सांगू, आधी थोडा रागच आला. सदतीस वर्षं मी रफू करते आहे. गावातल्या निम्म्या माणसांच्या कोपरांना आणि गुडघ्यांना मी आतून ओळखते. आणि माझी लेक मला कापड शिकवणार! पण मग तू लिहिलेलं ते वाचलं, की परवा एका बाटलीभर समुद्राच्या पाण्यात तुला सतरा धागे सापडले, त्यातले नऊ निळे, आणि तू ते चिमट्याने एकेक वेचून काचेवर ठेवलेस. वाचून हसू आलं. मीही दिवसभर तेच करते. भिंग, चिमटा, धागा. मी घालते आणि तू काढतेस, एवढाच काय तो फरक. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, दोघी एकाच फिरकीच्या आहात, उगाच भांडता.

टपालबाई तुला आठवते ना, पोस्टात खिडकीमागे बसायची ती? आता निवृत्त झाली आहे आणि रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसते. बोलते अजून तशीच, प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखी. तिने यादी वाचली आणि जाहीर केलं, की गरम कपडा घरातला चालणार नाही, प्रवासाला नवीनच हवं, आणि पर्यावरणाला चालणारं म्हणून आता वेगळं दुकानच निघालंय. मी नको नको म्हणत असताना मला हाताला धरून घेऊन गेली. वाटेत तिने विचारलं, की एवढ्या शिकलेल्या मुलीला बटण काय म्हणता? मग मी सांगितलं. अडीच वर्षांची असताना माझ्या डब्यातलं चार भोकांचं तपकिरी बटण तू गिळलंस, आणि ते सुखरूप बाहेर पडेपर्यंत दोन दिवस तुझे बाबा कामाला गेले नाहीत, मी एक टाका घातला नाही. बटण मिळाल्यावर बाबांनी ते धुऊन, उकळून त्यांच्या कोटालाच लावायला सांगितलं. टपालबाई एवढी हसली, की आम्हाला रस्त्यात थांबावं लागलं.

दुकान छान होतं. लाकडी फळ्या, मंद दिवे, प्रत्येक कपड्याला हिरव्या पानाचं चित्र असलेली चिठ्ठी. विक्रेता मुलगा गोड होता बिचारा. मला काकू काकू करत त्याने एक जाकीट आणलं, वजनाला काहीच नाही, आणि म्हणाला, काकू, हे बावीस बाटल्यांपासून बनलंय. मी म्हटलं, म्हणजे प्लॅस्टिकच ना? तो म्हणाला, हो, पण त्याला नवा जन्म मिळालाय. मी म्हटलं, अरे, पण धुतल्यावर याचा भुगा निघतो त्याचं काय? तो म्हणाला, काकू, ते न धुताच वापरायचं. बरं, शेजारचं दुसरं जाकीट शुद्ध लोकरीचं आहे म्हणाला. आता तुला माझी सवय माहीत आहे. कापड शुद्ध आहे असं कोणी म्हटलं की माझा हात आपोआप पर्समध्ये जातो. मी आतल्या शिवणीतला लोंबणारा एक धागा चिमट्याने ओढला आणि काडेपेटी काढली.

यापुढचं टपालबाई सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगते आहे, तेव्हा तू माझ्याकडूनच ऐक. मी काही जाकीट पेटवलं नाही. वीतभर धागा होता. लोकर जळली तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो. आणि कृत्रिम असेल तर जळतच नाही धड, आकसतो आणि टोकाला टणक मणी होतो. हे मी वीस वर्षांची असल्यापासून करते आहे, गिऱ्हाइकासमोर करते, कोणी ओरडत नाही. त्या पोराने मात्र हातातले हँगर टाकले आणि आतून व्यवस्थापकबाईंना बोलावून आणलं. तोवर धाग्याच्या टोकाला छानपैकी मणी झाला होता. मी तो व्यवस्थापकबाईंच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, ही तुमची लोकर. टपालबाई तेवढा वेळ टोप्यांच्या फळीशी, मला ओळखत नसल्यासारखी उभी होती.

फुशारकी मारत घरी आले आणि माझी जिरली. म्हटलं, आता आपलं कपाटही तपासू या. मोरीजवळ स्टूल घेतलं, सगळे कपडे मांडले आणि प्रत्येकाचा एकेक धागा काढून काडी लावत गेले. तो माझा जांभळा स्वेटर, जो अकरा हिवाळे मी लोकरीचा म्हणून मिरवला, ज्याच्या कोपराला मी स्वतः रफू केलं आहे, त्याचा मणी झाला. चांगला वाटाण्याएवढा! गावाच्या कपड्यांची परीक्षा घेणाऱ्या बाईने स्वतःच्या स्वेटरची कधी घेतलीच नव्हती. घड्या मोडत नाहीत म्हणून जपून ठेवलेली काळी पॅन्ट, मणी. दोन ओढण्या, मणी. शेवटी पास झाले ते दोन जुने सुती सदरे, तुझी कॉलेजातली जाड निळी पॅन्ट (मला पायाशी दुमडून होते), एक सुती पायघोळ झगा, आणि मोज्यांचे तीन जोड. तीन जोड कपडे जमले बघ, मोजून. सगळे विटके आहेत, पण मऊ आहेत आणि धुतले की काही सोडत नाहीत. त्यांचा जो काही रंग जायचा तो केव्हाच गेला.

उरलं गरम काहीतरी. मला माहीत होतं घरात काय आहे ते. तुलाही माहीत होतं, म्हणूनच तू तसं लिहिलंस, की सहज लिहिलंस? आठवडाभर मी त्याच एका ओळीचा कीस काढते आहे.

तू परत पाठवलेलं खोकं मी दोन वर्षांत उघडलं नव्हतं. कपाटाच्या वर, पाठीमागे ढकलून ठेवलं होतं. परवा सकाळी खुर्चीवर चढून काढलं. बाबांचा कोट. करड्या लोकरीचा, गळ्याशी झिजलेला, बटणांच्या रांगेत एकच चार भोकांचं तपकिरी, बाकीची काळी. खालच्या दुमडीतून एक धागा काढला आणि काडी लावली. परीक्षेची काही गरज नव्हती, सवयीने केलं. आणि तो वास आला. जळक्या केसांचा.

तू सहा वर्षांची होतीस. बाबा जमिनीच्या मोजणीला निघाले होते आणि पहिल्यांदाच तुला बरोबर घेऊन गेले. मी दुकान सोडून येऊ शकत नव्हते. नेहमीचंच. पाच दिवसांनी परत आलात तेव्हा कोटाला हाच वास येत होता. तंबूतल्या शेगडीची ठिणगी उडून उजव्या खिशाखाली चार बोटांवर भोक पडलं होतं, कडा काळी. तू कोट जळला म्हणून रडलीस, तर म्हणे बाबांनी तुझं बोट धरून त्या भोकात घातलं आणि सांगितलं, की हा आता तुझा दरवाजा, इथून आत यायचं. तू मला हे घरभर नाचत सांगितलंस. मी म्हटलं, काढा तो कोट, दोन दिवसांत रफू करून देते. बाबा म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, रफूवालीचा नवरा भोकाचा कोट घालून गावात फिरणार, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, लोकांना सांग, तिला वेळ मिळत नाही. आणि हसले. तू पण हसलीस.

त्यानंतर दर सुट्टीला तुम्ही दोघं गाडीने कुठे ना कुठे जायचात. तू त्यांच्या उजव्या हाताला बसायचीस. मी स्टेशनवर सोडायला यायचे आणि खिडकीतून बघायचे, गाडी हलायच्या आधीच तुझं बोट त्या भोकात गेलेलं असायचं. मी हात हलवून दुकानात परत यायचे. माझ्याकडे कामं असायची, खरंच असायची. पण येऊ नको असं मला कोणी म्हटलं नव्हतं आणि ये असंही कोणी म्हटलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

आता जे मी लिहिणार आहे ते लिहायच्या आधी मी दोनदा उठून पाणी प्यायले. बाबा गेल्यावर तू कोट मागितलास. मी तो तीन आठवडे ठेवून घेतला आणि ते भोक रफू केलं. दुमडीतलेच धागे काढून, उभा-आडवा एकेक धागा मोजून विणला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. भिंगाखाली धरलं तरी दिसणार नाही असं. तुला पार्सल पोचलं आणि तुझा फोन आला. तू ओरडली नाहीस. तू एवढंच विचारलंस, आई, तुला ते भोक काय होतं हे माहीत नव्हतं ना? आणि मी म्हटलं, मला काय माहीत, मला वाटलं तुला फाटका कोट कसा द्यायचा.

मला माहीत होतं, बटण. सगळं माहीत होतं. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या दोघांसाठी चहा घेऊन दारात आले होते. बाबा झोपले होते, कोट खुर्चीच्या पाठीवर होता, आणि तू, बत्तीस वर्षांची, खुर्चीत वाकडी होऊन त्या भोकात बोट घालून बसली होतीस. मी चहाचे कप घेऊन तशीच परत फिरले. इतका मत्सर वाटला मला, की चहा मी जिन्यात ओतून टाकला. मरणाऱ्या माणसाचा आणि रडणाऱ्या मुलीचा मत्सर. सव्वीस वर्षं त्या भोकात माझं बोट कधीच नव्हतं, आणि बुजवायचं म्हटलं तर हे काम जगात माझ्याइतकं चांगलं कोणाला येत नव्हतं. म्हणून बुजवलं. तुला कोट नीट मिळावा म्हणून नाही. आणि वर तुला खोटं सांगितलं, आणि तू खोटं ओळखून कोट परत पाठवलास, चिठ्ठीशिवाय. तुला शंका होती, हो ना? हवेबद्दल बोलताना तू अधूनमधून गप्प व्हायचीस तेव्हा मला वाटायचं, आता विचारेल. तू विचारलं नाहीस. मीच आपणहून सांगायला हवं होतं.

तर परवा मी खिडकीशी बसले, कोट मांडीवर घेतला आणि माझं रफू शोधायला लागले. सापडेना! भिंग लावलं, उजेडात धरलं, काही नाही. स्वतःच्या कामाचा एवढा राग मला कधी आला नव्हता. शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा लागलं, किंचित जाड. मग सुईने पहिला धागा उचलला. तीन आठवड्यांचं काम दीड तासात निघालं. टपालबाई मध्येच आली, काय चाललंय म्हणाली, मी म्हटलं, उसवतेय. ती काही न बोलता समोर बसून राहिली. तिला ते जमतं हे मला आजवर माहीत नव्हतं.

भोक परत आलं आहे, पण अगदी तेच नाही, हेही आत्ताच सांगते. जळकी काळी कडा मी तेव्हा कात्रीने काढून टाकली होती, ती काही परत येत नाही. त्यामुळे आता ते पूर्वीपेक्षा थोडं मोठं आहे. तसंच सोडलं असतं तर वाढत गेलं असतं, म्हणून कडेने काजाचा टाका घातला. उसवलेले धागे एका पुठ्ठ्यावर गुंडाळून खिशात ठेवले आहेत. तुला हवे तर तुझ्या काचेवर ठेव, नको तर वाऱ्यावर सोड. लोकर आहे, कोणाचं नुकसान करणार नाही.

कोट घालून आरशासमोर उभी राहिले. बाह्या लांब आहेत, दोनदा दुमडल्या. विटका सदरा, तुझी पॅन्ट, नवऱ्याचा कोट. टपालबाई म्हणाली, नाटकातल्या भिकाऱ्यासारखी दिसतेस, पण ऊब आहे ना? ऊब आहे. आणि अंगात एकही मणी नाही.

हे सगळं मी तिथे येऊन, तुझ्या खिडकीत बसून सांगू शकले असते. पण मला मी ओळखते. धक्क्यावर तुला बघितलं असतं, तू हसली असतीस, मग तुझी खोली, मग चहा, आणि आपण वाऱ्यावरच बोलत बसलो असतो. तू लिहिलंस, गरज नाही ते घरीच ठेव. ते खोटं मी दोन वर्षं वागवलं, ते घेऊन तुझ्या दारात यायचं नाही, म्हणून हे पत्र माझ्या आधी पाठवते आहे. मंगळवारी पोचेल असं टपालबाई लिहून द्यायला तयार आहे. मी गुरुवारी सकाळी पहिल्या गाडीने निघते आणि शुक्रवारी दुपारी तुझ्या धक्क्याला लागते. राग आला तर राग घेऊनच ये, मला चालेल, पण ये. बोटीवरून उतरताना मला लांबचं नीट दिसत नाही, तेव्हा तूच मला शोध, करडा कोट, बाह्या दुमडलेल्या. आल्यावर काही बोलू नकोस. माझ्या उजव्या बाजूला ये आणि बोट घालून बघ. तुझं बोटही आता मोठं झालंय, पुरेल असं वाटतं. आणि बसेल तेव्हा मला फक्त एकदा सांग, की आतून कसं लागतं ते. मी कधी विचारलंच नव्हतं.

निघण्याच्या तयारीत, आणि आता खरंच हलकी झालेली,
तुझीच,
आई